तिसरा पुकारा

शनिवारी साडेदहाला कडूबाईंनी परात पुढं ओढली. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, आणि प्रभुभोजनात वाटायची बेखमीर, म्हणजे न आंबवलेली भाकर गेली तेरा वर्षं त्यांच्याच स्वयंपाकघरातून देवळात जात होती. गव्हाचं पीठ, पाणी, चमचाभर तेल. देवळाच्या जुन्या पाळकीणबाई, चंपाबाई, जालन्याला मुलाकडं राहायला गेल्या तेव्हा एवढंच सांगून गेल्या होत्या, आणि कडूबाईंनी त्यात कणभर कमीजास्त केलं नव्हतं. एरवी पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत त्यांच्याइतकं सल्ले देणारं माणूस नव्हतं. कुणाच्या लोणच्यात काय कमी आहे हे त्या बरणीचं झाकण उघडायच्या आत सांगत. पण देवाच्या ताटात आपली अक्कल चालवायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

ही भाकर त्या स्वतः खात नसत. चाखूनसुद्धा बघत नसत. रविवारी ताट बाकांवरून फिरत त्यांच्यापर्यंत यायचं, त्या ते दोन्ही हातांनी धरायच्या आणि शेजारणीकडं सरकवायच्या. सुरुवातीला बायका मान वळवून बघायच्या, नंतर सगळ्यांना सवय झाली. मनात भावाबद्दल गाठ ठेवून या मेजावर हात घालायचा नाही, हे बन्सी मास्तरांनी, म्हणजे त्यांच्या वडलांनी, लहानपणी शिकवलं होतं, आणि कडूबाई बापाचं शिकवणं विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. चंपाबाईंनी काम सोपवलं तेव्हा त्या म्हणाल्याही होत्या, "बाई, मी घेतच नाय, तर मी कशी करू?" चंपाबाई म्हणाल्या, "घेत नाहीस म्हणूनच कर. हाताला तरी लागू दे."

गाठ होती गोकुळची. त्यांचा एकुलता एक, आठ वर्षांनी धाकटा भाऊ.

आपल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार देवळात वधूवरांची नावं पुकारतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का. कुणाची नसते. लोक तेवढ्यात खोकून घेतात. चौदा वर्षांपूर्वी मोनिकाच्या लग्नाचा तिसरा पुकारा झाला, तेव्हा देवळाच्या पंचांच्या बाकावरून मुलीचा सख्खा मामा उभा राहिला आणि म्हणाला, "हरकत हाये. मुलाची पहिली बायको जिवंत हाये." जालन्याचे पाहुणे तिथल्या तिथं उठून गेले. ती बायको मुलाच्या चुलतभावाची होती, हे कळायला पंधरा दिवस लागले, आणि तेवढ्यात त्या मुलाचं, आकाशचं, लग्न दुसरीकडं ठरलंसुद्धा. गोकुळनं पंचपद सोडलं, शहर सोडलं आणि बायकोच्या गावी, देवगाव रंगारीला जाऊन राहिला. पाळकांच्या हाती त्यानं माफीची चिठ्ठी पाठवली होती. ती न उघडता परत गेली.

आता मोनिका चाळीस वर्षांची होती. फुलंब्रीच्या शाळेतले इंद्रजीत सर, दोन वर्षांपूर्वी बायको वारलेले, तिला बघायला आले आणि चहा घेता घेता स्वतःच्याच बशीत सांडून बसले. ती हसली, आणि लग्न ठरलं. उद्या त्यांचा तिसरा पुकारा होता.

"आई," मोनिका बाहेरच्या खोलीतून म्हणाली. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती आणि नर्सचा पांढरा कोट अजून खांद्यावरच होता. "उद्या देवळात मामा येतोय."

सोफ्यावर पत्रिकांवर नावं घालत बसलेल्या तात्यासाहेबानं पेन खाली ठेवलं. तो मोनिकापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बाप गेल्यापासून घरातला कर्ता तोच, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"कोण मामा?"

"आपल्याला मामा एकच आहे, तात्या."

"त्याला कुणी सांगितलं?"

"मी. फोन केला."

"नंबर कुठून आणलास?"

"सहा वर्षांपासून आहे माझ्याकडं."

परातीतला आवाज थांबला. मोनिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हे सगळं तिनं ड्यूटीवरून येताना रिक्षात मनातल्या मनात नीट मांडलं होतं, आणि आता त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"लक्ष्मीमामी शेवटी माझ्याच वॉर्डात होती," ती म्हणाली. "अकरा दिवस. मामा बाहेर बाकावर बसून असायचा. माझ्याकडं बघायचा नाही, मी पण बघायची नाही. चौथ्या दिवशी मी त्याला चहा नेऊन दिला. बस्स, तेवढंच. मग रोज द्यायला लागले."

"तू मला बोलली नाहीस," कडूबाई म्हणाल्या.

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मामी गेली त्या दिवशी मी घरी येऊन तुला सांगितलं, मामी गेली. तू म्हणालीस, बरं. आणि भांडी घासायला बसलीस."

तात्यासाहेब उठून दारापर्यंत आला. "बरं, येऊ दे देवळात. देऊळ काय आपल्या बापाचं नाही. मागं बसू दे."

"मागं नाही. लग्नात माझा हात त्यानं द्यावा असं मला वाटतं. पप्पा असते तर पप्पांनी दिला असता."

"आणि मी काय मेलोय का?" तात्यासाहेबाचा आवाज फाटला. "कोट शिवायला टाकलाय मी, मोने. तुला माहीत आहे, मला कोट कधी बसत नाही. तरी टाकलाय."

कडूबाईंनी पीठ लागलेले हात तसेच वर धरले होते. "माझ्या जिवात जीव हाये तोवर त्यो तुझा हात धरणार नाय," त्या म्हणाल्या. "ज्या तोंडानं तुझं लग्न मोडलं..."

"माझं मोडलं, आई. तुझं नाही."

"तुझ्यासाठी चौदा वर्षं ताट पुढं सारलं मी."

"मी कधी सांगितलं होतं, सार म्हणून?"

हे मोनिका ओरडून म्हणाली नाही. वॉर्डात पेशंटला सलाईन किती राहिलंय ते सांगावं तितक्याच आवाजात म्हणाली, आणि म्हणूनच ते घरभर ऐकू गेलं. कडूबाई खाली परातीकडं बघू लागल्या. चौदा वर्षं त्यांना वाटत होतं की आपण लेकीचं दुःख धरून बसलोय, कुणीतरी धरायला हवं म्हणून. लेकीनं ते कधीच खाली ठेवलं होतं, आणि सांगायलाही आली नव्हती. मग आपल्या हातात इतकी वर्षं होतं ते कुणाचं?

"तो बाराला येतोय," मोनिका म्हणाली. "इथं. घरी."

तात्यासाहेबानं गाडीची किल्ली उचलली. "मी टेलरकडं जातो. तो असेपर्यंत मी घरात नाही."

मोनिका त्याच्या मागं फाटकापर्यंत गेली. तो गाडीवर बसला होता, पण गाडी सुरू करत नव्हता. इतक्या मोठ्या माणसाचा खालचा ओठ थरथरताना बघून तिला लहानपणीचा तात्या आठवला. शाळेत तिला कुणी चिडवलं की रडायचा तोच.

"मामा येऊ दे, मला काही नाही," तो म्हणाला. "पण मला आधी विचारायचं होतंस. एकट्याला. आईसमोर एकदम सांगितलंस."

मोनिकाला एकदम ते कळलं. मामानं जे केलं होतं तेच तिनं आज सकाळी केलं होतं, फक्त देऊळ नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "खरंच चुकलं, तात्या."

"कोट राखाडी आहे," तात्यासाहेब म्हणाला आणि गाडी सुरू करून गेला.

*

गोकुळ बाराऐवजी साडेअकरालाच गल्लीच्या तोंडाशी येऊन पोचला होता. हातात ओल्या हरभऱ्याची पेंडी होती. देवगावाहून निघताना काय न्यावं हे त्याला दोन दिवस सुचत नव्हतं. मिठाई न्यावी तर आनंदाला आल्यासारखं दिसतं, रिकाम्या हातानं जावं तर मागायला आल्यासारखं. शेवटी बांधावरचा हरभरा उपटला. बसमध्ये शेजारच्या माणसानं न विचारता त्यातले चार घाटे तोडून खाल्ले आणि गोकुळला त्याचं बरंच वाटलं.

वाटेत, दोन गल्ल्या अलीकडं, त्याचं जुनं घर लागलं होतं. आता तिथं दुसरं कुणी राहत होतं, गॅलरीत अनोळखी लुगडी वाळत होती. त्यानं तिकडं पुन्हा पाहिलं नाही. आक्काच्या घराचं फाटक मात्र तेच होतं, हिरवं, खालून गंजलेलं. ते उघडताना जरा वर उचलावं लागतं, हे त्याच्या हाताला आठवलं.

मोनिकानं दार उघडलं, काही न बोलता पेंडी घेतली आणि स्वयंपाकघराकडं मान हलवली. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. पूर्ण लावलं नाही.

कडूबाई खाली पाटावर बसून पीठ मळत होत्या. आक्का म्हातारी झाली, हे गोकुळला दिसलं आणि ते त्याला नको होतं. त्याच्या मनात ती अजून मोसंबी रंगाच्या साडीतली होती, पंचावन्न-अठ्ठावन्नची, कमरेवर हात ठेवून उभी. आई वारली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि आक्का बाराची. चुलीसमोर बसून ती कालवण ढवळायची, पळीतले दोन थेंब त्याच्या तळहातावर टाकायची आणि म्हणायची, गोकुळा, मीठ बघ. तिला स्वतःला मिठाचा अंदाज कधी आलाच नाही. गोकुळ असताना तो यायची गरजही नव्हती.

"सलाम, आक्का."

"बस."

तो बसला. गुडघे वाजले.

"आक्का, मी माफी मागायला..."

"माफीचं ऱ्हाऊ दे." त्यांनी वर बघितलं नाही. "तवा देवळात जे बोललास, ते आता मला बोल."

"आता?"

"आता. आज शनिवार हाये. तवा बी शनिवारीच तुला कळालं व्हतं. मी घरात हाये, पीठ मळतेय. तू फुलंब्रीवरून आत्ताच उतरलायस. माझ्याकडं आलायस. बोल."

गोकुळला आधी वाटलं, ही टोमणा मारतेय. मग त्यानं तिच्या हातांकडं पाहिलं. ते थांबले होते. ती खरंच वाट बघत होती. चौदा वर्षं हीच वाट बघत असावी, असं त्याच्या मनात आलं.

"आक्का," तो म्हणाला, "फुलंब्रीला सभा व्हती. तिथं एक माणूस भेटला. त्यो म्हणला, जालन्याच्या पोराची पहिली बायको हाये. नांदत नाय, पर हाये."

"कोण माणूस?"

"नाव... नाव नाय इचारलं."

"बायकू कुठली?"

"ते बी नाय इचारलं."

"मग इचारलंस काय?"

गोकुळ परातीच्या कडेला सांडलेलं पीठ बोटानं गोळा करू लागला.

"बरं," कडूबाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. लग्नघरातली, कामात बुडालेली, पण डोकं ठिकाणावर असलेली बाई बोलत होती. "खरं असंल तर लई वाईट हाये. पर खरं का खोटं ते आपल्याला काय ठावं? तू असं कर, पाणी पी. मी हात धुते. आपण दोघं जाऊ. आधी फुलंब्रीला, त्या माणसाला गाठू. तिथनं जालन्याला, पोराच्या आईला सरळ इचारू. पोराच्या आईला नाय, आजीला. आज्या खोटं बोलत नायत लग्नाचं."

"बस मिळंल का, आक्का?" गोकुळनं विचारलं. आपण हे विचारलं याचं त्यालाच नवल वाटलं.

"मिळंल की. अर्ध्या तासाला गाडी हाये. दिवेलागणीच्या आत परत येऊ."

"येऊ नं?"

"येऊ की."

आणि ते खरं होतं. एवढंच होतं ते. दोन बस, चार प्रश्न, आणि दिवेलागणीच्या आत घरी. मोनिकाला आज तेरा वर्षांचं पोर असतं.

गोकुळ रडायला लागला. रुमाल खिशात होता, पण तो काढायचंही सुचलं नाही. कडूबाईंनी त्याला रडू दिलं. लहानपणी त्याला गप्प करायची त्यांची एकच रीत होती, पाठीवर थोपटायची. पण हाताला पीठ होतं, आणि हात पुढंही होत नव्हता.

"का नाय आलास रं?" त्यांनी विचारलं. "दोन गल्ल्या तर व्हत्या."

या प्रश्नाचं उत्तर गोकुळनं चौदा वर्षांत पाळकांना दिलं होतं, लक्ष्मीला दिलं होतं, गुडघे टेकून देवालाही दिलं होतं. दर वेळी तो म्हणायचा, मला वाटलं आक्का ऐकणार नाही, मला वाटलं वेळ उरली नाही. ते खोटं नव्हतं, पण त्याच्यामागं अजून एक होतं, आणि ते त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मला बरं वाटलं व्हतं, आक्का," तो म्हणाला. "उभा ऱ्हायलो तवा. सगळं देऊळ माझ्याकडं बघत व्हतं. वाटलं, बघा, सख्ख्या भाचीचं असलं तरी हा माणूस खऱ्याला भीत नाय. घरी येऊन तुला सांगितलं असतं तर ते कुणी बघितलं नसतं."

कडूबाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"असं व्हतं व्हय," त्या म्हणाल्या.

"असं व्हतं."

नळाचं पाणी आलं होतं, मोरीत बादली भरत होती. कोणीही उठलं नाही. बादली भरून पाणी वाहायला लागलं तशी मोनिका आली, नळ बंद करून दोघांकडं न बघता परत गेली.

"माझं बी ऐक मग," कडूबाई म्हणाल्या. "लक्ष्मीच्या मातीला मी आले नाय."

"जाऊ दे, आक्का."

"जाऊ कसं दे? तू आत्ता सगळं बोललास, मला बी बोलू दे. पांढरी साडी नेसले व्हते. तात्यानं गाडी काढली व्हती. पायात चप्पल घातली, आन् दारातनं परत फिरले. मला वाटलं, मी आले तर तुला वाटंल का झालं, मिटलं. तुला तसं वाटू द्यायचं नव्हतं मला. मेलेल्या माणसाच्या जिवावर मी माझा राग जपला. लक्ष्मीनं माझं काय वाईट केलं व्हतं? माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस माझं अंग रगडलं तिनं."

"आम्ही वाट बघितली," गोकुळ म्हणाला. सांगावं की नाही, असं त्याला क्षणभर वाटलं. "पाळक घाई करत व्हते, ऊन लई व्हतं. मी म्हणलं, पेटी बंद करू नका, आक्का यायचीय. अर्धा तास ठेवली उघडी."

कडूबाईंनी डोळे मिटले. त्या अर्ध्या तासात आपण काय करत होतो, हे त्यांना नेमकं आठवत होतं. त्या पांढऱ्या साडीची घडी घालत होत्या. घडी नीट बसत नव्हती म्हणून मोडून पुन्हा घातली होती. एवढा वेळ भाऊ उन्हात त्यांच्यासाठी थांबला होता. हे सगळं परत मिळावं, तो अर्धा तास, तो शनिवार, ती दोन गल्ल्यांवरची लक्ष्मी, असं त्यांना फार वाटलं.

"मी आत्ता सोडलं असं म्हणत नाय, गोकुळा," त्या शेवटी म्हणाल्या. "तोंडानं म्हणायला काय लागतं? जमतंय का ते बघते. तू उद्या ये."

"येतो. मागं बसतो." तो भिंतीला धरून उठला. मग आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडं बघून जरा मोठ्यानं म्हणाला, "मोना, बाळा, हात तात्यानंच द्यावा. त्यो भाऊ हाये. मी आक्काजवळ... मी मागं बसून बघीन."

दारामागचा हरभऱ्याचे घाटे सोलल्याचा आवाज थांबला.

कडूबाईंनी पीठ बोटानं दाबून बघितलं. वरून वाळलं होतं. त्यांनी पाण्याचा हात लावला आणि पुन्हा मळायला घेतलं.

*

रविवारी देऊळ भरलं होतं. बातमी पसरली होती की गोकुळ आलाय. ज्यांना त्या वेळचं आठवत होतं ते आठवणीसाठी आले होते, आणि ज्यांना आठवत नव्हतं ते त्यांनी सांगितलं म्हणून. गोकुळ शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसला होता आणि त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

तात्यासाहेब राखाडी कोट घालून पहिल्या रांगेत होता. फेब्रुवारीच्या मानानं ऊन कडक होतं आणि कोट पाठीत खेचत होता. मोनिका त्याच्या शेजारी, पलीकडं इंद्रजीत सर, हात मांडीवर घट्ट ठेवून, बहुधा काही सांडू नये म्हणून.

कडूबाई भाकरीचं ताट घेऊन पुढं गेल्या. मेजावर ठेवलं, पांढरा रुमाल सारखा केला. त्यांची जागा बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर, गेली तीस वर्षं तीच. शेजारणीनं नेहमीप्रमाणं पदर आवरून जागा केली. कडूबाई त्या जागेजवळ आल्या आणि पुढं चालत राहिल्या. मधल्या वाटेनं, सगळ्या बाकांजवळून, देवळाच्या पार शेवटापर्यंत. गुडघेदुखीमुळं त्या सावकाश चालत, त्यामुळं सगळ्यांना बघायला भरपूर वेळ मिळाला. त्या गोकुळच्या बाकाशी थांबल्या.

"सरक," त्या म्हणाल्या.

तो सरकला.

पाळकांनी नावं वाचली. मोनिका आणि इंद्रजीत, दोघांची पूर्ण नावं, आईबापांसकट, गावासकट. मग विचारलं की या विवाहाला कुणाची काही हरकत असल्यास त्यांनी आता सांगावं. त्या दिवशी कुणीही खोकलं नाही. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. गोकुळ पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून खाली बघत होता आणि त्याची नखं पांढरी झाली होती. कडूबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणी देवळात तो चुळबूळ करायला लागला की ठेवायच्या तसाच, जरा दाबून.

पाळकांनी पान उलटलं. पुढं, पहिल्या रांगेत, मोनिकानं डोकं तात्यासाहेबाच्या खांद्यावर टेकलं, नव्या कोटावर.

मग भोजन. ताट पहिल्या बाकापासून निघालं. कडूबाई ते येताना बघत होत्या. दर महिन्याला त्या ते असंच बघायच्या, आणि दर महिन्याला ते जवळ यायला लागलं की त्यांना भूक लागायची. पोटाची नव्हे. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ताट हातात यायचं, भाकरीचा वास यायचा, त्यांच्याच हातची भाकर, आणि ती त्या दुसऱ्याला द्यायच्या. आज मन साफ झालंय का, हे त्यांनी आत डोकावून बघितलं. पूर्ण नव्हतं झालं. कोपऱ्यात काही होतंच. पण शेजारी गोकुळ बसला होता, त्याच्या सदऱ्याला बसचा आणि ओल्या हरभऱ्याचा वास येत होता, आणि हा माणूस आपल्याला हवाय, एवढं त्यांना स्वच्छ कळत होतं. एवढ्यावर देवानं भागवून घ्यावं, असं त्यांनी ठरवलं.

ताट आलं. त्यांनी एक तुकडा घेतला. ताट गोकुळच्या हातात दिलं. त्यानं घेतला. दोघांनी एकदमच तोंडात टाकला.

कडूबाई चावत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग चावणं मंदावलं. त्या थांबल्या. पुन्हा एकदा चावून बघितलं. त्यांनी हळूच मान वळवली. गोकुळ त्यांच्याकडंच बघत होता. तोंड बंद, भुवया वर. चार वर्षांचा असताना तळहात चाटून झाल्यावर असायचा तोच चेहरा.

भाकर अळणी होती. पीठ, पाणी, चमचाभर तेल. चंपाबाईंनी मीठ सांगितलं नव्हतं, कारण बाईमाणसाला मीठ काय सांगायचं असतं? आणि कडूबाईंनी सांगितल्यापलीकडं काही घातलं नव्हतं. तेरा वर्षं अख्ख्या मंडळीनं ही भाकर खाल्ली होती. पाळक दोन बदलले. एकानंही त्यांच्या घरी येऊन दोन शब्दांत सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं असणार, प्रभूची भाकर अशीच असते.

त्यांना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण खांदे हलतच होते, आणि पुढच्या बाकावरच्या बाईला वाटलं की म्हातारी रडतेय. रडतही होत्याच.

गोकुळ त्यांच्या कानाशी वाकला. "आक्का," तो कुजबुजला, "मी काय म्हणतो..."

"गप," कडूबाई म्हणाल्या. गुडघ्यावरचा हात त्यांनी काढला नाही. "घरी चल. घरी आल्यावर सांग."